शिळा नकार

"तुमचंच मशीन हाय न्हवं ते? मग सांग की त्याला, हा आवाज माझाच हाय म्हणून."

सुनंदाचा फोन सकाळी साडेनऊला आला. वैजयंती चौगुले पुण्यातल्या ऑफिसात नुकती पोचली होती, खांद्यावरची पर्सही अजून उतरवली नव्हती. 'कशी आहेस' नाही, 'चहा झाला का' नाही. थोरल्या बहिणीने थेट विषयालाच हात घातला.

सुनंदा पोवार ही कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या कुंभारखोरी गावात आरोग्य उपकेंद्राची परिचारिका होती. बावीस वर्षं नोकरी. गावातली अर्धी तरुण पोरं तिच्या हातावर जन्मलेली. या बाईच्या हातात आदल्या दिवशी निलंबनाचं पत्र पडलं होतं, आणि ते ती आता फोनवर अडखळत, दात-ओठ खात वाचून दाखवत होती.

"'बनावट आवाजाचा वापर करून औषधप्रणालीत वारंवार घुसण्याचा प्रयत्न केल्याने रुग्णास वेळेत औषध मिळू शकले नाही.' घुसण्याचा! मी घुसतो व्हय गं? मी काय चोर हाय?"

"आक्का, नीट सांग. पहिल्यापासून सांग."

"पैल्यापासनं काय सांगू? शालन गेली. माझ्यासमोर गेली."

शालन खोत चौतीस वर्षांची होती. गावातलं दूध संकलन केंद्र ती चालवायची. नऊ दिवसांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमाराला वैरण काढायला तिने गंजीत हात घातला आणि घोणस चावली. तिचा नवरा बाळासो मोटारसायकलवर बसवून वीस मिनिटांत तिला उपकेंद्रावर घेऊन आला. त्याचं काही चुकलं नाही. सुनंदाचंही चुकलं नाही.

पूर्वी त्या उपकेंद्रात एक जुना फ्रिज होता आणि फ्रिजात सापाच्या इंजेक्शनच्या दहा कुप्या असायच्या. मग कुणा हुशार माणसाने कागदावर दाखवून दिलं की गावोगाव औषध ठेवलं की वाया फार जातं. कुप्या गेल्या, फ्रिज गेला. सगळं औषध तालुक्याच्या शीतकोठारात. तिथे माणूस नाही, यंत्राचे हात. परिचारिकेने फोनमध्ये बोलून मागणी करायची, यंत्राने खण उघडायचा, ड्रोनने चौदा मिनिटांत औषध दारात टाकायचं. उद्घाटनाला मंत्री आले होते, ड्रोनला हार घातला होता.

"मी फोन उचलला आणि म्हटलं," सुनंदा सांगत होती, "'मी सुनंदा पोवार बोलतोय, कुंभारखोरीवरनं. घोणस चावल्या, सापाचं इंजेक्शन मागतोय, लौकर पाठवा.' तर म्हणतंय, 'आपला आवाज बनावट आहे.' मग मला आठवलं, तुमचं ते कार्ड हाय न्हवं, वाक्य लिहिलेलं, एरवी तेच वाचून मागतो. ते काढलं. एकेक अक्षर वाचलं. 'मी परिचारिका सुनंदा पोवार बोलते आहे.' तरी तेच. चाळीस येळा वाचलं, वैजा. शालन माझ्याकडं बघत हुती. शेजारच्या गावच्या मकानदार डॉक्टरांना फोन केला, तुमी मागा म्हटलं. त्यांनाबी तेच. तक्रारीच्या नंबरला लावला, तर तिथंबी तेच मशीन, 'आपला आवाज बनावट आहे'. शेवटाला जीप केली. घाटात रस्त्याचं काम चाललं हुतं."

पलीकडे पत्राचा कागद खडखडला.

"सोमवारी चौकशी हाय," ती म्हणाली. "तू त्या कंपनीत हाईस. तू येऊन सांग, ही माझी भन हाय आणि हा तिचाच आवाज हाय. बास, दुसरं काय नगं मला. गावात लोक माझ्याकडं बघायला लागल्यात."

"सोमवारी मी येते," वैजयंती म्हणाली.

*

ही कंपनी काय करत होती ते आता सांगायला हवं, कारण शालन खोत सापाच्या विषाने मेली ही गोष्ट निम्मीच खरी आहे.

चार वर्षांपूर्वी चोरांच्या हातात आवाज उतरवून घेणारी यंत्रं आली. कुणाचंही दोन मिनिटांचं बोलणं मिळालं की त्याच आवाजात काहीही वदवून घेता येई. अशा नकली डॉक्टरांनी आणि नकली परिचारिकांनी सरकारी कोठारांतून महागडी औषधं पळवली. त्यावर उतारा म्हणून 'अभेद्य' या पुण्याच्या कंपनीने 'द्वारपाल' बनवला. द्वारपाल म्हणजे औषधकोठाराच्या संकेतस्थळाला जोडायचं प्लगइन, म्हणजे आधीच बांधलेल्या घराच्या दारात आणून बसवलेला पहारेकरी. तो बोलणाऱ्याचा आवाज पुण्याच्या मोठ्या यंत्राकडे पाठवायचा आणि मग एकच प्रश्न विचारायचा, 'निकाल काय?' ते यंत्र चार सेकंद विचार करून सांगायचं, खरा किंवा बनावट.

डोंगरात मात्र जाळं क्षीण. दर वेळी पुण्याला विचारत बसलं तर सगळंच रखडतं. म्हणून टॉवरवर साठवण-चौक्या बसवलेल्या असतात. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखं त्यांचं काम. कोल्हापूरची गाडी किती वाजता, हे पहिल्याने विचारलं की खिडकीतला माणूस आत जाऊन बघून येतो. पुढच्या पन्नास जणांना तो जागेवरूनच तेच उत्तर देतो. यात काही चूक नाही, गाडी सगळ्यांना एकच. पण समजा एकाने विचारलं, 'माझं आरक्षण झालंय का?' आणि उत्तर आलं 'नाही'. त्याच्या मागच्या पन्नास जणांनाही खिडकीतला माणूस बसल्या जागेवरून 'नाही, नाही' म्हणत सुटला तर?

तो तसं म्हणू नये यासाठी सोपी सोय असते. उत्तर पाठवतानाच त्यावर शिक्का मारायचा, 'साठवू नये'. शिक्का दिसला की चौकी ते उत्तर ज्याचं त्याला देते आणि विसरून जाते. शिक्का नसला तर ठेवून घेते, सहा तास. चौकीला प्रश्नाचा पत्ता तेवढा कळतो, विचारणारा कळत नाही. आणि 'निकाल काय?' हा प्रश्न तर सगळ्यांचा एकच होता.

वैजयंतीने फोन ठेवला आणि त्या दिवशीची नोंद उघडली. दुपारी दोनपर्यंत ती जागची हलली नाही.

एकेचाळीस नकार होते, सुनंदा म्हणाली तसेच. पहिला नकार यायला चार सेकंद लागले होते. उरलेले चाळीस एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत आलेले. डॉ. मकानदारांचाही तसाच. एवढ्या वेळात द्वारपालाला कुणाचाही आवाज तपासणं शक्य नव्हतं. तिने प्रत्येक नकारावरची जन्मवेळ पाहिली. सगळ्यांवर एकच वेळ, एकच सेकंद. पहिल्या नकाराचा.

ते चाळीस नकार नव्हतेच. एकच शिळा नकार होता, जो टॉवरवरचं खोकं समोर येईल त्याच्या ताटात वाढत होतं. तिच्या बहिणीने मरणाऱ्या बाईच्या उशाशी बसून चाळीस वेळा ते वाक्य वाचलं आणि एकदाही, एकदासुद्धा, ते कुणी ऐकलं नाही. वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तिने पहिला नकार उघडला, जो ऐकून दिलेला होता. त्याखाली कारण लिहिलं होतं: नियम सतरा.

तिचा राग जागच्या जागी थिजला. नियम सतरा तिचा होता.

*

कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणायची, भाजीवाली म्हणते, शाळेतली बाई वर्गाबाहेर आली की म्हणते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वैजयंती सतराव्या वर्षी पुण्याच्या वसतिगृहात आली आणि पहिल्याच दिवशी खोलीतल्या मुलींना म्हणाली, "मी जेवून येतो." त्या मुली हसून हसून लोळल्या. पुढे वर्षभर त्यांनी तिला 'वैजूदादा' म्हटलं. त्यांच्या मनात फार वाईट होतं असं नाही, पण सतराव्या वर्षी एवढं पुरतं. तिने आरशासमोर उभं राहून जीभ वळवली. सहा महिन्यांत 'येते' आणि 'जाते' बिनचूक झालं. मग घरून फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलायला लागली. आक्का वसतिगृहावर भेटायला आली, तर ती आक्काला फाटकाबाहेरच घेऊन गेली.

द्वारपाल घडत होता तेव्हा लक्षात आलं की चोरांची यंत्रं एक चूक हमखास करतात. आवाज बाईचा लावतात, पण वाक्य पुरुषाचं ठेवतात. वैजयंतीने नियम लिहिला: आवाज स्त्रीचा आणि क्रियापद पुरुषाचं, तर आवाज बनावट. नियम उत्तम चालला. चोर धडाधड सापडले, तिला बढती मिळाली.

नियम मंजूर करायच्या बैठकीत साहेबांनी, राजीव बिडकरांनी, सहज विचारलं होतं, "कुठेतरी बायका खरंच असं बोलतात ना गं? तू तिकडचीच ना?"

खोलीत अकरा माणसं होती. दोघी-तिघी आधीच हसायला लागल्या होत्या.

"छे," वैजयंती म्हणाली होती. "आता कुणी नाही बोलत तसं."

*

"बस," केबिनमध्ये बहिणीचं सगळं ऐकून घेतल्यावर बिडकर म्हणाले.

"बसायला नाही आले, सर. नकारावर शिक्का का नाही?"

बिडकर पन्नाशीचे, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. आवाज चढवणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"होकारावर आहे. होकार चौकीत साठला तर दुसराच कुणी आत शिरेल. नकार चोरून कोण काय करणार? शिवाय हल्ला झाला तर चौकी परस्पर नकार देते, आपल्या यंत्रावर ताण येत नाही. विचार करून घेतलेला निर्णय आहे तो."

"एक बाई मेली त्या निर्णयाने."

"साप चावला तिला, वैजयंती."

"चौदा मिनिटांत औषध पोचलं असतं!"

"आणि तुझ्या बहिणीने एकेचाळीस वेळा दार ठोठावलं. आपल्या व्याख्येत त्याला हल्ला म्हणतात. मी काय म्हणतो ते समजून घे. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं. पण आठ राज्यांत आपला द्वारपाल बसलाय. उद्या हे बाहेर गेलं तर लोक कुठल्याच पहाऱ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि चोर मोकळे सुटतील. त्यात किती माणसं मरतील?"

"म्हणून माझ्या बहिणीला चोर ठरवायचं?"

"चौकशी होईल, ताकीद मिळेल, विषय संपेल." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि तू तिथे जाऊन नेमकं काय सांगणार? पहिला नकार चौकीने दिला नव्हता. तो सतराव्या नियमाने दिला. त्याखाली सही कुणाची आहे, ते मी सांगायला नको."

एवढ्या हळू आवाजात दिलेली धमकी तिने आयुष्यात ऐकली नव्हती. तिच्या मनात आलं, हा चष्मा उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावा. तिने तसं केलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस तिला त्याचा पश्चात्ताप होत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही राज्यांतल्या द्वारपालांना गुपचूप नवी आवृत्ती गेली. नकारावर शिक्का बसला. नियम सतरा निघाला. सोबतच्या टिपणात एकच ओळ होती: 'किरकोळ सुधारणा'. त्या दिवशीची नोंद कंपनीच्या तिजोरीत बंद झाली, व्यवसायाचं गुपित म्हणून. आता कुणी कितीही तपासलं तरी द्वारपाल निर्दोषच दिसणार होता आणि दोषी एकटी सुनंदा उरणार होती.

किरकोळ! वैजयंतीने तो शब्द तीनदा वाचला. मग ती उठली आणि चाचणीच्या खोलीतलं कपाट उघडलं. तिथे जेवणाच्या डब्याएवढी एक छोटी चौकी होती, नव्या गोष्टी आधी ऑफिसातच करून बघण्यासाठी ठेवलेली. द्वारपालाची जुनी आवृत्ती, आवाज तपासण्याच्या नियमांसकट, तिच्यात अजून जिवंत होती. वैजयंतीने ती पर्समध्ये टाकली आणि दारावरच्या रखवालदाराकडे बघून मान हलवत बाहेर पडली.

*

चौकशीला जिल्ह्याच्या ठिकाणी तीन माणसांची समिती बसली होती. मधल्या खुर्चीवर जमादार मॅडम, कडक म्हणून नावाजलेल्या अधिकारी. एका बाजूला बिडकर आणि त्यांचे वकील. दुसऱ्या बाजूला सुनंदा, कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून आलेली. निलंबित बाईने गणवेश घालायचा नसतो असं शिपायाने तिला दारातच सांगितलं होतं, आणि तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं. डॉ. मकानदार तिच्यामागे बसले होते. बाळासो खोत बाहेर व्हरांड्यात बाकावर होता. त्याला आत बोलावलं नव्हतं.

वकिलांनी वाचून दाखवलं. एकेचाळीस प्रयत्न. प्रत्येक वेळी बनावट आवाज. द्वारपाल तज्ज्ञांनी पुन्हा तपासला, त्यात कोणताही दोष आढळला नाही.

"डॉक्टरांनाही नकार आला, तो कसा काय?" जमादार मॅडमनी विचारलं.

"एका टॉवरवर हल्ला चालू असताना अशी खबरदारी घेतली जाते, मॅडम."

"हल्ला!" सुनंदा उठून उभी राहिली. "बाई मरायला लागल्या म्हणून मी इंजेक्शन मागतोय, त्याला तुमी हल्ला म्हंतासा?"

"बसा, बसा तुम्ही."

वैजयंती पुढे आली आणि तिने पर्समधून ते खोकं काढून टेबलावर ठेवलं. बिडकरांनी ते ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"ही कंपनीची मालमत्ता आहे! ही चोरी आहे!"

"हो, चोरी आहे," वैजयंती म्हणाली. "मॅडम, ह्यात त्या दिवशीचा द्वारपाल आहे, किरकोळ सुधारणेच्या आधीचा. बाहेरच्या कुठल्याही कोठाराला हा जोडलेला नाही, त्यामुळे कुणाचं औषध अडणार नाही. कोण बोलतंय ते हा तपासत नाही. आवाज खरा की बनावट, एवढंच सांगतो. आधी तुम्ही बोला."

वकिलांनी हरकत घेतली. जमादार मॅडमनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला आणि सुनंदाच्या कार्डावरचं वाक्य वाचलं. खोकं चार सेकंद थांबलं. 'आपला आवाज खरा आहे.'

"आता तुम्ही," त्या बिडकरांना म्हणाल्या.

चार सेकंद. 'आपला आवाज खरा आहे.' बिडकरांनी खांदे उडवले.

"आक्का," वैजयंती म्हणाली, "आता तू. त्या दिवशी पहिल्यांदा बोललीस तसंच बोल."

सुनंदा खोक्याजवळ गेली. तोंड उघडलं, मिटलं. मग एकदम तिने डोळे मिटले आणि ओरडली, "मी सुनंदा पोवार बोलतोय, कुंभारखोरीवरनं! घोणस चावल्या! सापाचं इंजेक्शन मागतोय, लौकर पाठवा!" बाहेर व्हरांड्यात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बाळासो उठून दारात आला होता आणि चौकट धरून उभा होता.

चार सेकंद गेले. 'आपला आवाज बनावट आहे.'

"आता पुन्हा तुम्ही, मॅडम. मघाचंच वाक्य."

जमादार मॅडमनी वाक्य पूर्ण केलं आणि श्वास घ्यायच्या आतच उत्तर आलं. 'आपला आवाज बनावट आहे.' त्यांनी पुन्हा वाचलं. तेच. डाव्या बाजूच्या सदस्यांना वाचायला लावलं. तेच. मग त्यांनी ते खोकं स्वतः उचललं, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि बिडकरांच्या पुढ्यात आदळलं.

"बोला."

"मॅडम, तांत्रिकदृष्ट्या—"

"बोला म्हणते ना!"

बिडकर बोलले. आणि त्यांनीच जन्माला घातलेल्या द्वारपालाने, क्षणाचाही विचार न करता, त्यांना तोंडावर सांगितलं की आपला आवाज बनावट आहे. डॉ. मकानदार मोठ्याने हसले, आणि लगेच गप्प झाले.

वैजयंतीने मग सगळं सांगितलं. चौकी, शिक्का, शिळा नकार. "ही चाळीस वेळा बोलली, त्यातलं एक अक्षरही पुण्यापर्यंत पोचलं नाही. टॉवरवरूनच हिला हाकलत होते. आणि मग तेच चाळीस नकार मोजून हिला चोर ठरवलं."

"आणि पहिला नकार?" जमादार मॅडमनी विचारलं. "तो तर ऐकून दिला होता."

वैजयंतीने नियम सतरा सांगितला.

जमादार मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझी आई अशी बोलते," त्या म्हणाल्या. "या जिल्ह्यातल्या लाखो बायका अशा बोलतात. तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीत हे एकाही माणसाला माहीत नव्हतं?"

बिडकरांनी कागदांत डोकं घातलं. ते वैजयंतीकडे बघतही नव्हते. तिने नुसतं 'नव्हतं' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता; दोघांचीही सुटका झाली असती.

"मला माहीत होतं," वैजयंती म्हणाली. "नियम मीच लिहिला. मला विचारलं, बायका असं बोलतात का. मी म्हणाले, आता कुणी बोलत नाही."

तिला सुनंदाकडे बघायची हिंमत झाली नाही.

*

निलंबन त्याच दिवशी मागे घेतलं गेलं. कंपनीवर काय कारवाई करायची ते वरच्या पातळीवर ठरणार होतं. वरच्या पातळीवर गोष्टी कशा ठरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिपायाने सुनंदाला कागद आणून दिला. तिने तो घडी घालून गणवेशाच्या खिशात ठेवला आणि जिन्यापाशी उभ्या असलेल्या वैजयंतीकडे आली.

"एक सांग," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आता कुणी बोलत न्हाई म्हणालीस, तवा मी तुझ्या डोळ्यांम्होरं आलो का न्हाई?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"आलीस," वैजयंती म्हणाली. "म्हणूनच तसं म्हणाले. लाज वाटली मला."

"माझी?"

"तुझी. आईची. सगळ्यांची."

सुनंदाने तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. "तुझ्या फीसाठी मी चार वर्सं घाटावर एकटी राहून नोकरी केली," ती म्हणाली. "तू शिकावंस म्हणून. मशीन काय, ते बिचारं मशीन हाय, त्याला सांगाल तेवढंच कळतंय. तुला कळत हुतं." तिने डोळे पुसले, रागारागाने, मनगटाने. "आणि मला काय सांगाय लागलीस? माझी नोकरी ऱ्हायली. ज्याचं गेलं त्याला जाऊन सांग."

ती जिना उतरून गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

बाळासो खोत पुन्हा बाकावर जाऊन बसला होता. वैजयंतीला येताना बघून तो घाईने उठला, टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले.

"लई उपकार झालं, मॅडम. आमच्या ताई सुटल्या. देवमाणूस हाय ती बाई."

"हात जोडू नका," वैजयंती म्हणाली. "दारातून ऐकलंत ना तुम्ही सगळं?"

"आयकलं, पर समजलं न्हाई. ते खोक्याचं."

तिने त्याला सांगितलं. खोक्याचं नाही, ते त्याला कशाला हवं होतं? तिने बैठकीचं सांगितलं. खोलीत अकरा माणसं होती, दोघी-तिघी हसत होत्या, साहेबांनी विचारलं आणि ती खोटं बोलली. ती खरं बोलली असती तर सुनंदाला पहिल्याच वेळी होकार मिळाला असता आणि ड्रोन निघाला असता.

जोडलेले हात केव्हा खाली आले ते तिला कळलं नाही. बाळासो बराच वेळ टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला. तो रागावलेला दिसत नव्हता. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

"तुमाला कितींदा इचारलं हुतं?" त्याने विचारलं.

"एकदाच."

"एकदाच," तो म्हणाला. त्याने टोपी घातली आणि एसटी धरायला निघून गेला.